साखरपुड्याचा फोटो बघून मेसेज टाकला, आणि तोंडावर पडले

मांडेवाली_वडगाव:

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या घरी सासूबाईंच्या आधीपासून मांडे करतात. बेळगावकरांना मांडा म्हणजे काय ते सांगायला नको. पण इथं पुण्या-मुंबईचे लोकही वाचतात, आणि त्यांना मांडे फक्त मनातले माहीत असतात. पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची यांचं सारण भरलेला उंडा लाटायचा, हातावर फिरवत फिरवत रुमालासारखा पातळ करायचा, पालथ्या कढईवर टाकायचा आणि गरम आहे तोवर घडी घालायची. एक क्षण उशीर झाला की घडी बसत नाही, तुकडे होतात. आमच्याकडे रुखवतात मांडे नसले तर वरमाई काही बोलत नाही, पण लक्षात ठेवते.

पूर्वी गिऱ्हाईक शोधायला आम्ही कधी उंबरा ओलांडला नाही. आचारी सांगायचे, भटजी सांगायचे, एका लग्नात खाल्लेली बाई दुसऱ्या लग्नासाठी यायची. आता आचाऱ्यांच्या जागी केटरिंगवाले आले. त्यांचे मांडे कुठून येतात देव जाणे, आमच्याकडून नाही एवढं खरं. म्हणून नणंदेच्या मुलानं मला इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं. 340 जण फॉलो करतात, त्यात निम्मे आमचेच पाहुणे.

मुलगा म्हणाला, "मामी, पान काढून बसलं की लोक येतात असं नसतं. आपणच जाऊन विचारायचं." त्यानं शिकवलं, बेळगाव टाकून साखरपुडा शोधायचा, फोटो दिसतील, त्या मुलीला मेसेज टाकायचा. मजकूरही त्यानंच लिहून दिला. "हार्दिक अभिनंदन! आपल्या शुभकार्यासाठी अस्सल बेळगावी मांडे, आजच ऑर्डर करा," मग दर, मग तीन फुलं आणि दोन हात जोडलेले. रात्री भांडी झाली की मी दोन-तीन जणींना तेच चिकटवत बसायची. तीन आठवड्यांत साठ मेसेज गेले असतील. चौघींनी उत्तर दिलं, एकीनं 51 मांड्यांची ऑर्डर दिली. बाकीच्यांनी उघडूनही बघितलं नाही. मुलगा म्हणतो, आपण ओळखीचे नसलो की तो मेसेज वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो, तिनं मान्य केल्याशिवाय समोर येत नाही.

एकीनं मात्र बघितला. हिरवी साडी, बोटात अंगठी, शेजारी मुलगा, मागं झेंडूच्या माळा. मी तारीख बघितली नाही. फोटो आठ महिन्यांपूर्वीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर आलं: "काकू, ते लग्न मोडलं. फोटो काढायला हात धजत नाही म्हणून तसाच आहे."

माझे हात कणकेत होते. तसेच पुसले आणि चार वेळा काहीतरी लिहून खोडलं. शेवटी "चुकलं बाळ माझं" एवढंच लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही, यायलाही नको होतं. त्या दिवशीचे निम्मे मांडे करपले.

दुसरी गोष्ट एवढी वाईट नाही. आडनावावरून मी एका घराला मराठी समजले आणि मराठीत लिहिलं. त्या बाईंचं उत्तर कानडीत. शेजारच्या अक्कांना वाचायला दिलं तर म्हणाल्या, त्यांना मराठी वाचता येत नाही, विचारताहेत काय विकताय म्हणून. अक्कांनीच मग कानडीत लिहून दिलं, मांड्याला मंडिगी म्हटलं, आणि त्या बाई एकदम खुलल्या. त्यांच्याकडे लग्न नव्हतंच, डोहाळजेवण होतं! आपल्या भागात पहिला मेसेज कुठल्या भाषेत टाकायचा हे तुम्ही कसं ठरवता?

आणखी एक. माझ्या मांड्यांच्या फोटोखाली कुणीतरी येऊन लिहून गेलं, "आमच्याकडे यापेक्षा स्वस्त मिळतील." मी संतापले. मग आठवलं, मागच्याच आठवड्यात एका केटरिंगवाल्याच्या फोटोखाली मीही जाऊन "घरगुती मांड्यांसाठी आमच्याकडे या" असं लिहून आले होते.

आता एका मंगल कार्यालयातला माणूस म्हणतो, बुकिंगची वही देतो, नावं-नंबर सगळं आहे, एका ऑर्डरमागं मला एवढे द्या. घ्यावं का? लोकांच्या आनंदात असं न बोलावता शिरणं बरं की वाईट, हेच मला कळेनासं झालंय. पण गप्प बसले तर कढई थंड राहते.

खडेबाजार_कापडवाला:

वहिनी, तुम्ही मनाला फार लावून घेतलंय. चूक झाली, माफी मागितली, तो विषय संपला.

आमचं साड्यांचं दुकान तिसऱ्या पिढीचं. बाजारात पायरीवर उभं राहून हाका मारणारी पोरं तुम्ही बघितलीच असतील. "या ताई, आत या, बघायला पैसे नाहीत." माझ्या वडिलांचा त्या पोरांना एकच नियम होता: आवाज रस्त्यावर गेला तर चालेल, पाय पायरीवरून खाली उतरता कामा नये. एकदा एका नव्या पोरानं एका बाईंच्या हातातली पिशवी धरून "चला आत" केलं. वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि त्या बाईंना स्वतः चहा पाजला. बाईंनी त्या दिवशी काही घेतलं नाही. पुढं मुलीच्या लग्नाला मात्र आल्या. तुमचं इन्स्टाग्रामचं पान म्हणजे पायरी. तिथून वाट्टेल तेवढ्या हाका मारा. कुणाच्या फोटोत जाऊन मेसेज टाकला की तुम्ही रस्त्यावर उतरून पिशवी धरलीत.

आता आमच्या घरचं पाप सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं बिलबुकातले सगळे नंबर काढून एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. हल्ली ग्रुपात हजाराच्या वर माणसं बसतात. दिवाळी ऑफर टाकली. रात्रीपर्यंत दोनशे लोक बाहेर पडले होते, पण खरी अडचण ती नव्हती. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कुणा टवाळानं त्यातून बायकांचे नंबर उचलले आणि "हाय" सुरू केलं. तीन घरांतून मला फोन आले. एक गृहस्थ तर दुकानात येऊन उभे राहिले, "माझ्या सुनेचा नंबर तुमच्या दुकानातून बाहेर गेला." उत्तर काय देणार?

ग्रुप त्याच रात्री मोडला. आता ब्रॉडकास्ट यादी वापरतो, त्यात मेसेज ज्याचा त्याला वेगळा जातो. एका यादीत 256 जण मावतात, आणि मेसेज पोचतो तो फक्त ज्यांनी आमचा नंबर आपल्या फोनात ठेवलाय त्यांनाच. मुलगा कुरकुरतो, अर्ध्यांना जातच नाही म्हणून. मी म्हणतो, ज्यांनी ठेवलाय त्यांनी आपल्याला घरात घेतलंय, बाकीच्यांच्या दारात कशाला जायचं? बिल करताना आता विचारतो, "नवीन माल आला की कळवू का?" हो म्हणाल्या तर नंबरापुढं टिंब. नको म्हणाल्या तर काही नाही. वही जुनीच, टिंब नवीन.

ती कार्यालयाची वही घेऊ नका. आज तो तुम्हाला विकतोय, उद्या तुमचं नाव पुढं करून दुसऱ्याला विकेल.

टिळकवाडीच्या_बाई:

मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, त्यामुळे थोडं लाल शाईनं लिहिते. राग मानू नका.

मांडेवाल्या ताई, तुमच्या मेसेजमधला पहिला दोष "हार्दिक अभिनंदन". अभिनंदन ओळखीच्या माणसानं करायचं असतं. तुम्ही अभिनंदन केलंत आणि पुढच्याच ओळीत दर लावलात. म्हणजे ते अभिनंदन नव्हतंच, दार उघडायची किल्ली होती. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं हो.

माझ्या नातीच्या बारशाचा फोटो मी फेसबुकवर टाकला. आपल्या माणसांसाठीच टाकला होता, पण सगळ्यांना दिसेल असा पडला, ही माझी चूक. संध्याकाळपर्यंत विम्यावाला, फोटोवाला, लाकडी पाळण्याच्या पाट्या करणारा, सगळे हजर. त्यातल्या एकानं मेसेजात बाळाचं नाव घातलं होतं, "तुमच्या लाडक्या अमुकसाठी खास योजना." बारा दिवसांच्या लेकराचं नाव एका अनोळखी दुकानदाराच्या तोंडी! अंगावर काटा आला. सुनेनं तो फोटोच काढून टाकला.

उलटही सांगते. मागं मी एका ग्रुपवर विचारलं होतं, दही लावायला मातीची भांडी चांगली कुठं मिळतील. खानापूरच्या एका कुंभारानं खाली लिहिलं, "बाई, मी करतो. दह्याची लहान मडकी आहेत. तुम्ही फोटोत दाखवलीत तसली रुंद तोंडाची माझ्याकडे नाहीत, ती दुसऱ्याकडं बघा." आपल्याकडे काय नाही हे त्यानं न विचारता सांगितलं. दोन वर्षं झाली, मी त्याच्याकडूनच घेते, आणि चौघींना सांगितलंय. तोही अनोळखीच होता, पण मी विचारल्यावर बोलला. तुमच्या त्या मुलीनं कुणाला काय विचारलं होतं?

अथणी_पायताण:

बाईंचं लिवणं बरोबर हाय, पण सगळ्यांना पेन्शन नसतंय.

मी अथणीचा. घरात पिढीजात चपला करतात. कोल्हापुरी म्हणून विकल्या जातात त्यातल्या बऱ्याच आमच्या भागात होतात. 2019 ला जी.आय., म्हणजे माल कुठल्या भागातला त्याचं सरकारी मानांकन, मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचेही चार आहेत, बेळगाव त्यातलाच. हे लोकांना ठाऊक नाही. आम्ही सांगितलं नाही तर कळणार कसं? गिऱ्हाईक विचारीपर्यंत थांबायचं म्हटलं तर चामडं वाळून जाईल.

2025 च्या जून महिन्यात तिकडं मिलानला फॅशन शोमध्ये आमच्यासारख्याच चपला पोरांच्या पायात दिसल्या आणि इंस्टावर जो तो त्याच्यावर बोलाय लागला. मी दिसेल त्या पोस्टखाली गेलो. पहिले दोन दिवस एकच ओळ चिकटवली, "अस्सल चपला, संपर्क करा," आणि नंबर. शंभरेक ठिकाणी टाकली असेल. तिसऱ्या दिवशी ॲपनं माझं कमेंट करणंच बंद पाडलं. परत सुरू झाल्यावर डोकं चालवलं. जिथं कुणी काही चुकीचं लिहिलंय किंवा विचारलंय तिथंच लिहायचं. एकानं विचारलेलं, नवीन चप्पल चावते का, तेल कुठलं लावायचं. मी सांगितलं, कुठलंही खायचं तेल थोडं लाव, एक रात्र ठेव, पहिले चार दिवस घरातच घाल. नंबर टाकला नाही. त्या एका उत्तरावरनं सात जण माझ्या पानावर आले, तिघांनी जोड घेतले.

म्हणून वहिनी, थांबू नका. जागा तेवढी बदला. साखरपुड्याच्या फोटोखाली जाऊ नका, "रुखवतात काय काय ठेवायचं" असं विचारणाऱ्या पोरी ढिगानं असतात, तिथं जा.

भाषेचं म्हणाल तर मी दोन ओळी लिवतो, वर कानडी, खाली मराठी. कुणाला राग येत नाही. समोरचा ज्या भाषेत उत्तर देईल ती पुढं धरायची. आडनावावर कधी जाऊ नका, आपल्याकडं एकाच आडनावाची निम्मी घरं कानडी बोलतात आणि निम्मी मराठी.

टिळकवाडीच्या_बाई:

पेन्शनचा टोमणा पोचला. तेलाचं उत्तर मात्र फार चांगलं दिलंत.

खानापूर_वकील:

नंबरांच्या वहीबद्दल थोडं. लोक म्हणतात, 1909 वर 'जाहिराती नकोत' अशी नोंद केली की हा त्रास थांबतो. ती नोंद फोन आणि साध्या एसएमएसपुरती. व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामला ती लागू होत नाही. तिथं हातात ब्लॉक आणि रिपोर्ट एवढंच, आणि बरेच रिपोर्ट झाले तर धंद्याचा नंबरच बंद पडू शकतो. मांड्यांचा नंबर लग्नसराईत बंद पडला तर काय होईल, विचार करा.

दुसरं, डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा 2023 चा, नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात. त्यात गंमत अशी की एखाद्यानं स्वतःच जगजाहीर केलेली माहिती कायद्याच्या बाहेर राहते. म्हणजे त्या मुलीनं सगळ्यांना दिसेल असा टाकलेला फोटो बघून तुम्ही लिहिलंत, यात या कायद्याचा भंग नाही. चुकलंय की नाही, ते वर बाईंनी सांगितलंच. कार्यालयाच्या वहीचं तसं नाही. लोकांनी नंबर दिला तो हॉल बुक करायला, मांड्यांसाठी नव्हे. त्या माणसाला आज कुणी विचारत नाही म्हणून उद्याही विचारणार नाही असं समजू नका.

उद्यमबाग_लेथ:

आमच्यात सगळं उलट. आम्ही पंपाचे आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग टर्निंग करून देतो. पुण्याच्या, होसूरच्या कंपन्यांच्या खरेदीवाल्याला लिंक्डइनवर सरळ लिहितो, त्यात लाज कसली, त्याचं ते कामच आहे. पण "आम्ही सर्व प्रकारची कामं करतो" असं लिहिलं की उत्तर येत नाही. त्यांच्या मशीनचा कुठला भाग आम्ही करू शकतो, किती मायक्रॉनपर्यंत अचूक, महिन्याला किती नग, एवढं लिहिलं की येतं. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण, मग गप्प. रविवारी नाही, रात्री नाही. एकदा मी एका साहेबांना फेसबुकवर शोधून त्यांच्या गोव्याच्या फोटोखाली "सर, कोटेशन पाठवलंय" असं लिहिलं होतं. त्या कंपनीचं काम अजून मिळालेलं नाही.

मांडेवाली_वडगाव:

उशिरा लिहिते, मधे दोन लग्नं होती.

वही घेतली नाही. त्या माणसाला सांगितलं, नंबर नकोत. त्याच्या टेबलावर एक डबा ठेवून आलेय, त्यात मांड्याचे तुकडे आणि एक कार्ड. मुलानं कार्डावर चौकोनी कोड छापून दिलाय, फोन धरला की थेट माझं व्हॉट्सॲप उघडतं. ज्याला हवं तो येईल. तो माणूस थोडा नाराज आहे, पण मांडे खातोय. पहिल्या आठवड्यात सहा जणांनी मेसेज केला, त्यातले दोघे फक्त रेसिपी विचारत होते. पानावर अन्न परवान्याचा 14 आकडी नंबरही टाकला, एका बाईंनी विचारला होता म्हणून. असतो हे मला माहीत होतं, दाखवायचा असतो हे माहीत नव्हतं.

अथणीच्या दादांचं ऐकून एका मुलीनं विचारलेल्या रुखवताच्या यादीखाली लिहिलं. मांडे शेवटी ठेवा, वर काही रचू नका, आणि प्रवासात डब्यात कागद घाला, एवढंच. नंबर नाही. तिनं आभार मानले. ऑर्डर आली नाही.

जुन्यांना परत मेसेज टाकले नाहीत. ज्या साठ जणींना पाठवले होते त्यांतल्या उत्तर न दिलेल्यांना पुन्हा विचारू का असं मुलगा म्हणत होता. नाही म्हटलं.

आता कार्डावरून जे येतात त्यांना पहिलं उत्तर म्हणून हे लिहिलंय, बघा बरं, वर कानडी आहे, खाली हे मराठी:

"नमस्कार. मी वडगावची, घरीच मांडे करते. हार्दिक शुभेच्छा. किती हवेत आणि कधी हवेत सांगा, दर आणि फोटो पाठवते. आठ दिवस आधी कळवलं तर बरं. नको असतील तर उत्तर दिलं नाही तरी चालेल, मी परत विचारणार नाही."

टिळकवाडीच्या_बाई:

"हार्दिक शुभेच्छा" काढा. काय कार्य आहे ते तुम्हाला अजून ठाऊक कुठं आहे?

मांडेवाली_वडगाव:

हो की! काढलं. कढई तापलीय, जाते.